गुरुजींचा ग आणि माझे फॉन्ट

चुकलेलं पान मी फेकत नाही. मागची बाजू कोरी असते, तिच्यावर लग्नपत्रिकेचं कच्चं प्रूफ काढता येतं. तुमसरला धान्यबाजाराच्या मागे माझं डीटीपीचं दुकान आहे, तिथं अशा पाठकोऱ्या कागदांचा ढीग गुडघ्यापर्यंत आलाय. लग्नपत्रिकाही हल्ली लोक मोबाईलवरच पाठवतात, मग ढीग उतरणार कसा? आणि त्यातलं कुठलंही पान उपसा, एक किस्सा निघतोच! ऐकायला माणूस असला की किस्से वाटले जातात. पण बायको मुलाच्या कॉलेजसाठी नागपूरला राहते, शेजारचा झेरॉक्सवाला दुकान बंद करून गेला, आणि दुपारी मला माझाच आवाज ऐकून दचकायला होतं. एकटं वाटतं, खोटं कशाला बोलू? म्हणून आज तुम्हाला पकडलंय.

ढिगातली निम्मी पानं एकाच पुस्तकाची आहेत. आमचे पेटीचे गुरुजी, वय अठ्ठ्याहत्तर, बायको वारलेली, मुलगी लग्न होऊन भिलाईला. एका सकाळी पाच वह्या घेऊन आले. चाळीस भजनं, चाली त्यांच्या स्वतःच्या. त्यांच्याशिवाय त्या पूर्ण कोणालाच येत नव्हत्या.

"माहे कान चालले गा, प्रभाकर," ते म्हणाले. "डॉक्टरनं सांगतलं, हळूहळू सारंच बंद होईन. पेटीवर वाजवून तपासता येते, तवर पुस्तक करून टाक."

"पंधरा दिवसांत देतो, गुरुजी!" मी म्हणालो.

दोन वर्षं लागली.

* * *

कारण स्वरलिपी! अक्षराखाली टिंब असलं तर तो खालच्या सप्तकातला स्वर, वर टिंब असलं तर वरच्या सप्तकातला, खाली आडवी रेघ असली तर कोमल. हे तिन्ही एकत्र नीट दाखवणारा फॉन्ट माझ्या कॉम्प्युटरात एकही नव्हता. मी एकच ओळ नऊ फॉन्टांत काढली आणि गुरुजींना बोलावलं. ते मुलगी पाहायला आल्यासारखे बसले. पोहे मात्र मलाच करावे लागले.

पहिलं पान त्यांनी हात लांब करून धरलं. "हा ग उपाशी हाय. याच्यानं सूर नाई उचलत."

दुसऱ्या फॉन्टला शेपट्या होत्या. "हा वरातीत नाचाले निंगला!"

तिसऱ्यात रेघ अक्षराच्या पोटातून गेली होती. "कोमल गच्या पायाखाली रेघ पायजे गा. तू तं त्याले दोरीनं बांधलं!"

सातवा फॉन्ट साधा, शाळेच्या पुस्तकासारखा. तो बघून ते गायलाच लागले. पूर्ण ओळ गायले, मग मान हलवून म्हणाले, "याच्यासंगं जमन."

* * *

स्वरलिपीत तालाच्या पहिल्या मात्रेखाली फुली मारतात आणि तालातल्या 'खाली' म्हणतात त्या मात्रेखाली शून्य. पानभर फुली, शून्य, फुली, शून्य.

एक निवृत्त हेडमास्तर फॉर्म भरायला आले होते. त्यांनी टेबलावरचं प्रूफ उचललं, चष्मा लावला आणि चुकचुकले. "कोन्या पोराचा पेपर होय हा?"

"गुरुजींचा होय, सर."

हेडमास्तरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "या वयात काहून बसवलं गा त्याईले परीक्षेले?"

गुरुजी कोपऱ्यातच बसले होते. तेव्हा त्यांना एवढं ऐकू येत होतं. ते इतके हसले की पोह्यांचा ठसका लागला. त्या दिवसाइतकं हसणं माझ्या दुकानात नंतर झालं नाही.

* * *

कौसाबाई आंबागडच्या भजन मंडळाच्या म्होरक्या. धानाची शेती सांभाळून गातात. गुरुजींनी त्यांना स्वरलिपी वाचायला शिकवली होती, त्यामुळे प्रूफ गाऊन बघायचं काम त्यांच्याकडे. त्या वाचून गाणार, बाकीच्या बाया मागून म्हणणार.

भजनातला शब्द ओढायचा असला की मध्ये 'ऽ' अशी खूण येते. फॉन्ट बदलताना त्या सगळ्या खुणांचे पाच झाले! पानावर छापून आलं, 'रा ५ ५ म'. मी न बघता पाठवून दिलं.

दोन दिवसांनी फोन आला. "भाऊ, पाच आन् पाच, एका ओळीत दहा डाव राम म्हना लागते. दम लागून राहिला न बायाईले! चौघी तं खालीच बसल्या!"

गुरुजींना मी घाबरत घाबरत सांगितलं. ते म्हणाले, "म्हनू दे. कोनाचं काय बिघडते?"

* * *

वरच्या सप्तकातला सा म्हणजे सां, रे म्हणजे रें, आणि ग म्हणजे अर्थातच गं. एका भजनाच्या चालीत तो गं सारखा येत होता.

कौसाबाई पान घेऊन स्वतः दुकानात आल्या, लटक्या रागात. "गुरुजी, ही चाल तुमची का पुन्यावाल्याईची?"

"काहून वो?"

"मंग हे गं, गं, गं काय लावलं? आपन तं 'वो' म्हनतो!"

गुरुजींनी कानाला हात लावून दोनदा विचारलं, "काय म्हनते ती?" मी तिसऱ्यांदा ओरडून सांगितलं. मग ते हसले, पण विनोदाची वेळ निघून गेली होती. कौसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि पान घडी करून पिशवीत ठेवलं.

* * *

पुढचं प्रूफ आम्ही आंबागडच्या देवळात गाऊन बघितलं. ही चाल सगळी खालच्या सुरातली, अगदी हळू बोलल्यासारखी. कौसाबाईंनी पान धरलं आणि सुरुवात केली ती थेट वरच्या पट्टीत! मागून दहा बाया. देवळावरची पाखरं उडाली. एकीचा आवाज फाटला, दुसरीला खोकला आला. मी पान हिसकावून बघितलं. पीडीएफ करताना खालची टिंबं गळून पडली होती, एकूणएक!

मी गुरुजींकडे वळलो. आता फाईल फेकून मारतील असं वाटलं. या माणसाने एकदा पेटीचा एक स्वर केसभर उतरला म्हणून लग्नाच्या मांडवातून पेटी उचलून नेली होती.

गुरुजी डोळे मिटून मांडीवर ताल देत होते. "वा! बराबर चाललं," ते म्हणाले.

बाया गायच्या थांबल्या. ते तरीही ताल देत राहिले. कोणी हसलं नाही.

निघताना कौसाबाई मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "भाऊ, आता टिंबं तुमालेच पाहा लागन."

* * *

त्यानंतर गुरुजी दुकानात येईनासे झाले. मी फोन करायचो.

"गुरुजी, प्रूफ तयार आहे!"

"हाव, जेवलो."

"तब्येत कशी आहे?"

"हाव हाव, जेवलो ना. तू जेवला का?"

मी "हो" म्हणायचो आणि फोन ठेवायचो. कधी कधी नुसता तेवढ्यासाठीच फोन करायचो. दिवसभरात मला दुसरं कोणी ते विचारत नव्हतं.

पुस्तकाचं काय करावं ते कळेना. चुकीची चाल छापली तर पुढे तीच खरी ठरणार, आणि चूक सांगणारा एकच माणूस, त्याला पेटी ऐकू येत नाही. शेवटी मी त्या सातव्या फॉन्टमध्ये खालच्या सप्तकातल्या प्रत्येक स्वराखाली टिंब स्वतः बसवलं, मोहरीएवढं ठसठशीत. मग पाचही वह्या शेजारी ठेवून चाळीस भजनं पहिल्यापासून लावली. त्यात सात महिने गेले.

* * *

शेवटचं प्रूफ घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. कानातलं मशीन डबीत पडलं होतं, आता त्याचाही उपयोग नव्हता. पेटीवर चादर टाकलेली. मी पाठकोऱ्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'शेवटचं प्रूफ. बरोबर आहे का?'

गुरुजींनी ते वाचलं, चष्मा पुसला आणि पानं मांडीवर घेऊन खाटेवर बसले. पेटीकडे गेले नाहीत. पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि एकेका स्वरावरून सावकाश पुढे नेऊ लागले. स्वर खाली गेला की त्यांची हनुवटीही खाली जायची. तिसऱ्या पानावर बोट थांबलं.

"इथं टिंब पायजे."

मी वही काढून बघितलं. तिथं टिंब होतं, माझ्याकडूनच राहिलं होतं. मी पेनाने लगेच दिलं. ते परत आधीच्या ओळीपासून वाचायला लागले. त्यांचे डोळे भरून आले होते, पण बोट चालू होतं. मला राहवलं नाही, मी त्यांच्या गुडघ्याला हात लावून मोठ्यानं म्हणालो, "गुरुजी..."

त्यांनी पानावरून नजर न काढता हात वर केला.

"थांब ना गा, प्रभाकर. आन् तो पंखा बंद कर. आयकू नाई येऊन राहिलं."