टाकी गार, पाइप गरम

आमच्या शेजारच्या नळवाल्याचं खरं नाव आठवायला त्याच्या बायकोलासुद्धा जरा वेळ लागतो. अख्खी गल्ली त्याला वॉशरभाऊ म्हणते. नळ गळताना दिसला की हा माणूस हातातलं काम टाकून धावतो. लग्नाला बोलावलं तर आधी हात धुवायच्या जागी जाऊन तोट्या आवळतो, मग नवरानवरीला भेटतो. माझे वडील गेले तेव्हा सांत्वनाला आला आणि डोळे पुसत पुसत मोरीतला नळ दुरुस्त करून गेला.

वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोने, घरामागे कोंबड्या पाळल्या होत्या. गेल्या उन्हाळ्यात सगळ्या उकाड्याने मेल्या. यंदा त्यांनी हिंमत करून पुन्हा पिल्लं आणली, लेकरांसारखी वाढवली आणि नवऱ्याला बजावलं, "याही गेल्या तर मी परत कोंबडीचं नाव काढणार नाही. पाण्याचं तेवढं तुम्ही बघा."

पाण्याचं बघा! एवढं ऐकायलाच हा गडी जन्माला आला होता. त्याने शेडमागे उंच टाकी चढवली, तिला ओलं गोणपाट गुंडाळलं, वर सावली केली. तिथून शेडच्या पत्र्यावरून पाइप नेला, तोही इतका सरळ, की मला शिडीवर चढवून एक डोळा मिटून बघायला लावलं. आत उतरलेल्या पाइपाला छोट्या तोट्या होत्या. चोचीने ढकललं की थेंब सुटायचा, तो थेट घशात. जमिनीवर टिपूससुद्धा नाही. मी वाहवा केली तर नव्या नवरीसारखा लाजला.

मग ऊन तापलं. कोंबड्या तोट्यांकडे पाठ फिरवून, पंख फाकवून, चोची वासून धापा टाकायला लागल्या.

"अहो, पाणी चहासारखं येतंय," वहिनी म्हणाल्या.

"काहीतरीच तुझं! टाकीत हात घालून बघ. बर्फ आहे बर्फ!"

"कोंबड्या टाकीत बसून पितात का?"

टाकी खरंच गार होती. पण कोंबडी पिणार ती किती! तेवढ्याने पाइपातलं पाणी जरासं पुढे सरकायचं आणि बाकीचं तापल्या पत्र्यावर शिजत पडायचं. वहिनींनी कढया भरून सावलीत ठेवल्या, पण पिल्लं असल्यापासून तोटीला सवकलेल्या त्या महाराण्या कढईकडे परक्या घरी आल्यासारख्या बघत राहिल्या.

"पाइपाचं शेवटचं टोक दुपारभर उघडं ठेवा," वहिनी म्हणाल्या. "तापलेलं वाहून जाऊ दे. मागून गार येईल."

वाहून जाऊ दे! वॉशरभाऊचा चेहरा असा झाला, जणू बायकोने त्याला घरच पेटवून द्यायला सांगितलं होतं. दोन दिवस त्या टोकाकडे फिरकलाच नाही. तिसऱ्या दिवशी टोक उघडलं, पण खाली बादली लावली. बादली भरली की शिडी चढायचा आणि ते कढत पाणी परत टाकीत ओतायचा.

"बघ! लाइनही मोकळी झाली आणि एक थेंब वाया नाही!" घामाने निथळत तो वरून ओरडला. दुपारी टाकीही चहासारखी झाली.

वहिनी बाजारातून आल्या. टाकीला हात लावला. त्याच्या हातातली बादली ओढून घेतली आणि भिंतीवर रिकामी केली. तोवर शेडमधल्या निम्म्याहून अधिक कोंबड्या आडव्या झाल्या होत्या. उरलेल्यांना त्या मांडीवर घेऊन ओल्या फडक्याने पुसत बसल्या. वॉशरभाऊ कोपऱ्यात उभं राहून एक तोटी आवळत होता. ती गळत नव्हती.

"राहिलेल्या घेऊन जा," त्यांनी संध्याकाळी कोंबडीवाल्याला सांगितलं.

"वहिनी, अंड्यावर आल्यात की. थोडं थांबा."

"ऊन थांबणार आहे का? घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या आत तो टेंपो घेऊन आला. कोंबड्या खोक्यात भरल्या जात होत्या. वॉशरभाऊने रिकाम्या शेडमध्ये जाऊन तोटीला बोट लावलं आणि धावत बाहेर आला.

"अगं, गार येतंय! हात लावून बघ, अगदी गार!"

"सकाळी येतंच," वहिनी म्हणाल्या आणि काखेतली शेवटची कोंबडी कोंबडीवाल्याच्या हातात दिली.