टॉमीची गोळी आणि आमचा काळ्या

मित्रांनो, आज सकाळी आईसोबत आमच्या कुत्र्याला, टॉमीला, वाशिमला जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. तो मान वाकडी करून एकाच बाजूला गोल फिरत होता. मेंदूला सूज आहे, डॉक्टर म्हणाले. गोळ्या लागू पडल्या तर काही वर्षंही काढेल, नाहीतर थोडेच दिवस.

सत्तरच्या दशकात रिठदला आमचा काळ्या असाच फिरायचा. गाव म्हणालं, पिसाळला. आईने त्याच्यापुढे पाण्याचा गंज ठेवला. तो प्यायला.

"पानी पिऊन राह्यला ना थो, पिसाळला नाही," ती सगळ्यांना सांगत राहिली. पण घरात आम्ही लेकरं होतो. बाबा काळ्याला वावरात घेऊन गेले आणि एकटेच परत आले.

आज आईने डॉक्टरांना विचारलं, "हे गोळी तवा होती का?"

"होती आजी. माणसांना दम्यासाठी द्यायचे."

आमच्या आजोबांना दमा होता. त्यांच्या गोळ्या तेव्हा घरातच, कोनाड्यात असायच्या.

येताना आई एवढंच बोलली, "तुह्या बाबाले सांगू नको."

आत्ता बाबा ओसरीवर टॉमीची मान कुरवाळत बसलेत. विचारून राह्यले, "काय म्हने डाक्तर?"

तुम्ही काय सांगितलं असतं?