उकडलेला प्रसाद

आमच्या शेजारचे काका गावच्या देवळात सगळ्यांच्या वतीने देवापुढे मोठ्याने गाऱ्हाणं घालतात, त्यामुळे त्यांना हळू बोलताच येत नाही. लिम्फोमासाठी मुंबईला स्टेम सेल ट्रान्सप्लांट करून मी रत्नागिरीला घरी आले, तेव्हापासून रोज सकाळी ते दगडी गडग्याच्या कुंपणापलीकडून ओरडून विचारतात, "काय गो बाय, पांढऱ्या पेशी वाढल्या की नाय?" अख्ख्या वाडीला माझा रिपोर्ट पाठ झाला आहे. हाडांतला मगज नव्याने रक्त करायला लागतो त्याला वेळ जातो, पेशी वरखाली होतात, हे सांगून सांगून मी दमले. पण ऐकतील तर शपथ! "मग देवाच्या कानावर घालतो," म्हणाले, आणि चक्क पेशींसाठी गाऱ्हाणं घालून प्रसादाचं ओलं खोबरं घेऊन आले. ते मी आईला देऊन टाकलं.

मागच्या आठवड्यात पेशी पुन्हा उतरल्या आणि काका पुन्हा खोबरं घेऊन हजर. मी ओरडलेच, "काका, कच्चं काही चालत नाही मला! साध्या जंतूने मरेन हो मी!" ते खोबरं घेऊन परत गेले.

आज तोंडाला मास्क लावून आले. स्टीलचा डबा गडग्यावर ठेवला आणि लांब जाऊन उभे राहिले. डब्यात खोबऱ्याचे वाफाळते तुकडे.

"कुकरात उकडलंय. देवाला कौल लावून इचारलं. चालंल बोलला."

"आणि नाही म्हणाला असता तर?"

"बोलला ना, नाय म्हणून. मग होय बोलेस्तोवर कौल लावीत बसलो."