दोन फुप्फुसांमधली जागा

काळुरामने पोटच्या पोरीला तहानेने मारलं, असं डोंबिवलीकडच्या मिठागरांत अजून बोलतात. बोलणाऱ्यांची जीभ झडो. मी तेव्हा कल्याणच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. तिथलं सगळं माझ्यासमोर घडलं.

काळुराम मूळचा मिठागरातला, पण आमच्याकडे शवचिकित्सेला मदतनीस होता. डॉक्टर प्रेताची छाती उघडत तेव्हा हा बादली धरून उभा. बारा वर्षांत त्याला अक्षर आलं नाही, पण दोन फुप्फुसांमधली जागा पाठ झाली. पुढे हृदय, वर मोठ्या रक्तवाहिन्या, त्यांच्यामागे श्वासनळी आणि अगदी मागे मणक्याला टेकलेली अन्ननळी. "या कप्प्याला वरून झाकण नाही," डॉक्टर सांगत. "गळ्यातला पू थेट हृदयापर्यंत उतरतो."

१८८७ च्या मार्गशीर्षात त्याची लेक लक्ष्मी माहेरी आली होती. जेवताना भिंग माशाचा काटा घशात अडकला. तिची आई ठमाबाई, तिने घरोघरी करतात तेच केलं. कोरड्या भाताचे मोठाले गोळे न चावता गिळायला लावले. पाचव्या गोळ्याला काटा सुटला. काळुराम घरी पोचला तेव्हा सगळे हसत होते.

"बाबा, काटा गेला," लक्ष्मी म्हणाली. "पन छातीन दुखतंय."

त्याने तिचा गळा चाचपला. कातडीखाली चुरचुर लागली, मीठ दाबल्यासारखी. ती हवा होती. भाताच्या रेट्याने काटा रुतून अन्ननळी फाटली होती, तिथून ती सुटली होती. त्याने तिला तशीच बैलगाडीत घालून दवाखान्यात आणली.

"तोंडाने थेंबही नको," डॉक्टर म्हणाले. "गिळेल ते सगळं त्या जागेत सांडेल. भोक बुजलं तरच वाचेल."

तीन दिवस काळुराम खाटेपाशी बसून होता. ताप चढत गेला. "बाबा, पानी दे ना," एवढंच ती म्हणायची. ठमाबाई तांब्या घेऊन आली की तो तिचा हात धरायचा. ती त्याला कसाई म्हणाली, सगळ्यांदेखत. तो ओला बोळा लेकीच्या ओठांवरून फिरवायचा आणि ती चोखायला लागली की काढून घ्यायचा. माझ्याने बघवत नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी लक्ष्मी गेली.

तेरावं उरकून तो कामावर आला. फरशी पुसता पुसता थांबला.

"त्र्यंबकराव, तुमची लेक असती, तर तुमी घोटभर दिलं असतं?"

"नसतं दिलं," मी म्हणालो.

खोटं बोललो. मी पहिल्याच दिवशी दिलं असतं.