मामाची शेवटची मूठ

मामाच्या नावाला यंदा शेवटची संधी आहे, असं मामीने फोनवर सांगितलं आणि मी पुण्याहून सेलूची गाडी पकडली. खरं सांगायचं तर बघायला कमी आणि भांडायला जास्त निघाले होते.

आधी भानगड समजून घ्या. पालमजवळच्या एका खेड्यात महादेवाच्या देवळामागे जुनी तालीम आहे. तिच्या भिंतीवर आसपासच्या गावांतल्या निवृत्त कबड्डीपटूंची नावं रंगवलेली आहेत. नाव चढवायचं की नाही, हे बारा जुने खेळाडू ठरवतात. पसंत असेल तर घागरीत ज्वारीचा दाणा टाकायचा, नसेल तर तुरीचा. नऊ दाणे ज्वारीचे पडले की नाव भिंतीवर. अमेरिकेत बेसबॉलच्या निवृत्त खेळाडूंनाही चारातली तीन मतं लागतात म्हणे, पण तिथे ती पत्रकार देतात. इथे मात्र ज्यांना तुम्ही मातीत लोळवलंत, तेच मत देणार! या बारांतली एक मूठ खुद्द उमेदवाराची असते, सगळ्यांत शेवटी. स्वतःला तूर कोण टाकणार, म्हणून ती ज्वारीचीच असं सगळे धरून चालतात.

नाव पाचच वर्षं मतदानाला ठेवतात, आणि मामाला आधीच्या चारही वर्षी आठच ज्वारी पडली होती.

सेलूला मामीने सुशीला पुढ्यात ठेवली. चुरमुऱ्यांचा हा प्रकार मराठवाड्यात आलात तर सोडू नका. पण मामीचं लक्ष खाण्यात नव्हतं.

"त्या ताडकळसच्या रंगनाथचंच मत पडंना झालंय," ती म्हणाली. "फायनलीत ह्यांनी त्याला बाद केलं नव्हं का, तेच धरून बसलाय. लय खुनशी माणूस."

मामा अंगणात बूट पुसत होता. "उगं कुणाला बोलू नको," एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सेलूहून परभणी, तिथून गंगाखेडमार्गे पालम, सगळा प्रवास एसटीने. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवास स्वस्तात पडतो. खिडकी मात्र धुळीने माखलेली, ओढणी जवळ ठेवा. गंगाखेडला गोदावरी ओलांडली, पुढे दोन्हीकडे ज्वारी उभी होती. थंडीत गेलात तर हुरडा मिळतो. मी भरपूर खाल्ला. मामाने तोंडातही घातला नाही, आणि मी त्याला परीक्षेला निघाल्यासारखा दिसतोस म्हणून चिडवत राहिले. आता त्याची लाज वाटते.

तालमीत पोचलो तर रंगनाथराव आधीच आलेले. कपाळावर भस्माचे पट्टे, एक पाय ओढत चालणारे. मी त्यांना नमस्कारसुद्धा केला नाही. भिंतीवरच्या मोकळ्या जागेपुढे मामाला उभं करून फोटो काढला, या लेखात सगळ्यात वर टाकायला.

पहिली चार वर्षं मूठ झाकलेली असते. पाचव्या वर्षी तळहात उघडून सगळ्यांना दाखवायचा, मगच दाणा घागरीत. मला हेच हवं होतं. रंगनाथरावांची तूर दिसली की काय काय बोलायचं, हे मी एसटीतच ठरवून ठेवलं होतं.

त्यांनी तळहात उघडला. ज्वारी.

माझा विश्वासच बसेना. मी पुन्हा वाकून बघितलं. ज्वारीच होती!

मोजत गेले तसे आठ दाणे ज्वारीचे आणि तीन तुरीचे झाले. राहिली मामाची मूठ. मामीने देवळाकडे तोंड करून हात जोडले, रंगाचा डबा घेऊन बसलेल्या माणसाने झाकणसुद्धा काढलं. मामाने मूठ उघडली.

तूर होती.

कुणीतरी ओरडलं, "दिगंबर, चुकून उचललास का?"

"चुकून न्हाई. चार सालं हेच टाकायलोय मी." मामाने तूर घागरीत टाकली. "फायनलीत शेवटच्या चढाईला रंगनाथला माझा पाय लागलाच न्हवता. मी हात वर केला, पंचानं गडी बाद दिला."

रंगनाथराव पाय ओढत पुढे आले. "मला वाटलं, लागला असंल. घाईत कळलं न्हाई मला." मग हळूच म्हणाले, "गाव लय बोललं रे. त्या सालापासून मी खेळायचंच सोडलं."

ज्यांच्याशी भांडायला मी पुण्याहून आले, त्यांना मी अजून पाणीही विचारलं नव्हतं. रंगाच्या डब्याला झाकण लागलं. परतीच्या एसटीत मामी खिडकीशी आणि मामा मागच्या बाकावर.

पुण्यात येऊन आठवडा झाला तरी माझा धक्का ओसरलेला नाही. मामाचा राग येतो. इतकी वर्षं कसा गप्प बसला? आणि नऊपैकी आठ दाणे हातात असताना तूर उचलायला किती धीर लागला असेल, हेही मनात येत राहतं. तो फोटो मी वर टाकलेला नाही.

काल मामाचा फोन आला. ताडकळसला बाजाराच्या दिवशी रंगनाथरावांच्या घरी जाऊन आला म्हणे.

"काय म्हणाले ते?" मी विचारलं.

"काठीनं अंगणात रेघ मारली. पल्याड उभा ऱ्हायला अन् म्हणला, कर चढाई."

"मग?"

"केली की. पण गुडघा वाकंना. पाय पोचला न्हाई, सुमे. या बारीला मी तसंच सांगितलं."