बापूंच्या पिस्तुलाला काय काय चालते

लोककथा गोळा करणाऱ्याकडे कथांपेक्षा संशयच अधिक जमतात. आपण विचारायला जातो शिकारीचे संकेत, आणि लोक विचारतात, तुम्हाला कोणी पाठवले? नामपूरजवळच्या एका गावातील भिकनबापूंचे किस्से हे असेच जमलेले.

बापूंकडे आजोबांच्या काळातले ठासणीचे पिस्तूल आहे. मक्यात घुसणारी रानडुकरे हाकलण्यासाठी त्याचा शेतीरक्षणाचा परवाना आहे आणि यंदा त्याचे नूतनीकरण व्हायचे होते. एखादी तक्रार गेली की पिस्तूल जप्त, मग मका डुकरांचा. या धास्तीतून बापूंनी नियम केला होता : परवान्यात फक्त पिस्तूल लिहिले आहे, म्हणून त्याला दुसरे काहीही जोडता कामा नये.

*

पहिल्या भेटीत मी शिकारीच्या जुन्या रीती विचारल्या. बापूंनी माझे पेन हातात घेतले, उघडले, आतली नळी उजेडात धरली.

"यात कॅमेरा नाय ना?"

"नाही हो, साधे पेन आहे."

"साधं पेन मोबाईलवाला माणूस कशाला बाळगील?"



*

पिस्तुलाच्या नळीला बॅटरी बांधणे हा बापूंच्या मते गुन्हाच. अंधारात डुक्कर दिसणार कसे, म्हणून चुलतभाऊ नामदेव हातात बॅटरी घेऊन थोड्या अंतरावर उभा राहतो. मग ही बॅटरी पिस्तुलाला जोडल्यासारखीच नव्हे काय, असे मी विचारले.

बॅटरी माझी, पिस्तूल त्याचे, अशा अर्थाने नामदेव अहिराणीत म्हणाला, "बॅटरी मनी शे, पिस्तूल त्यानं शे. आम्ही फक्त शेजारी."

बापू लगेच म्हणाले, "आणि बोलणं पण नाय आमचं."

*

हत्याराला दोरा बांधण्याची प्रथा मी अनेक ठिकाणी नोंदली आहे. बापूंच्या पत्नी सुमनकाकूंनीही एकदा पिस्तुलाच्या मुठीला काळा दोरा बांधला. बापूंनी तो ब्लेडने कापला.

"देवाला विचारून बांधलाय," काकू म्हणाल्या.

"देवाला विचारलंस. फौजदाराला विचारलंस का?"

काकूंनी दोरा उचलून बापूंच्याच मनगटाला बांधला. "तुमचा परवाना माझ्याकडे हाय," म्हणाल्या. तो दोरा बापूंनी कापला नाही.

*

आजवर किती डुकरे मारली, असे मी एकदा सहज विचारले. बापूंनी उलट विचारले,

"तू कोणाच्या बाजूनं विचारतोस?"

नामदेवने नंतर बांधावर हळूच सांगितले, "बार वाजला की डुक्कर मान वर करतं, बघतं, परत खायला लागतं. एक तर नुसतं कान हालवतं. पण हे लिहू नका सर. परवानावाले म्हणतील, मग पिस्तूल हवंच कशाला?"

*

नूतनीकरणाआधी चौकशीला एक तरुण हवालदार आले. पिस्तूल पाहिले, मग दिवेलागणीला शेत पाहायला निघाले. मीही वही घेऊन मागे होतो; पुस्तकासाठी लिहून घेतो, असे हवालदारांना सांगितले होते. सगळे बांधावर पोचतात न पोचतात तोच मक्यातून एक थोराड डुक्कर बाहेर पडले आणि थेट हवालदारांकडे वळले. हवालदार बाभळीवर कसे चढले, हे त्यांनाही सांगता येणार नाही.

डुक्कर बुंध्याशी उभे राहिले. बापूंच्या हातात ठासलेले पिस्तूल होते. वनखात्याच्या लेखी परवानगीवाचून डुक्कर मारणे गुन्हा, हे बापूंना पाठ होते.

"बापू, मारा ना त्याला," वरून आवाज आला.

बापूंनी पिस्तूल किंचितही उचलले नाही. मान वर करून, अत्यंत अदबीने विचारले, "साहेब, हे पोलिस म्हणून सांगताय, का झाडावरचा माणूस म्हणून?"

डुक्कर बुंध्याला अंग घासू लागले. फांदी हलली.  मग हवालदारांनी अगदी हळू आवाजात विचारले,

"बापू, ते पुस्तकवाले सर अजून इथंच आहेत का?"