तो कुडू ब्रायनने मारलेला नाही

आज दुपारी आमच्याकडे जेवायला आलेल्या सगळ्यांनो, हे तुमच्यासाठी.

आमची नेहा आणि जावई ब्रायन नामिबियाहून परतले, म्हणून मीच हौसेने टीव्हीवर फोटो लावायला सांगितले. मला वाटलं, हत्ती-जिराफ दिसतील. सफारी शिकारीची होती, हे मला कुठे ठाऊक!

कुडू नावाचं ते भलंमोठं हरीण पडलेलं, आणि शेजारी बंदूक घेऊन बसलेली माझी लेक. तुम्ही सगळे एकमेकांकडे बघायला लागलात. श्रीखंड वाढता वाढता मी बोलून गेले, "शिकार जावईबापूंची हो, ही नुसती फोटोपुरती बसलीय."

ब्रायनला मराठी कळत नाही, तो हसला. नेहाला कळतं. तिने टीव्ही बंद केला.

निघताना कारपाशी म्हणाली, "आई, ब्रायन डझन्ट इव्हन टच अ गन. मी मारला. अँड आय क्राइड. तेच सांगणार होते."

शिकार मला अजूनही पटत नाही. पण तिची अब्रू वाचवायला म्हणून मी खोटं बोलले आणि तिला तोंडच उघडू दिलं नाही.

आता ती माझा फोन उचलत नाहीये, आणि मराठी तिला वाचता येत नाही. तुमच्यापैकी कुणी तिला हे वाचून दाखवाल का?